दुसरा लिव्हर हलतो, पण पुढचा शाफ्ट आहे का?

पत्र : "आमचं गाव बामणोलीच्या वरच्या अंगाला, चढावर. डांबरी सोडल्यावर घरापर्यंत अडीच किलोमीटर कच्चा रस्ता, लाल माती, मधे एक ओढा. मालक नवी मुंबईत माथाडी कामगार आहेत. मी, सासूबाई आणि दोन मुलं गावी असतो. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देते. आत्ताची व्हॅन जून लागला की खाली रस्त्याला उभी करावी लागते, गॅसचा सिलिंडरसुद्धा खांद्यावरून वर येतो. जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी गाडी घ्यायची आहे, सगळं मिळून पाच लाख जमतील. धाकट्या दिरांना मोबाइलवर बघितलेली उंच केलेली, मोठ्या टायरची जीप पसंत आहे. मुंबईचे एक ओळखीचे दिल्लीहून डिझेल स्कॉर्पिओ फार स्वस्तात आणून देतो म्हणतात. चालवणार मीच. काय घ्यावं, काय बघावं? आणि फोर बाय फोरचा तो वेगळा, दुसरा गिअर बायकांना जड जातो का?"

ताई,

फोर बाय फोर घेऊ का, असं विचारणाऱ्या बहुतेकांना मी 'नको' म्हणतो. साताऱ्यातून वर्षातून दोनदा कासला जाणाऱ्या माणसाला चांगले टायर आणि थोडा संयम पुरतो. तुमचं तसं नाही. पावसात भिजलेली लाल माती म्हणजे साबण, त्यावर चढ, आणि रोजची ये-जा. मागची दोनच चाकं ओढणारी गाडी रिकामी असली की अशा चढावर जागच्या जागी चाकं फिरवते आणि हळूहळू कडेला सरकते. तुम्हाला फोर बाय फोर हवीच.

पण पाच लाखांची गाडी घेऊ नका. चार लाखांपर्यंतची घ्या. उरलेला लाख गाडी घरी आल्यावर लगेच लागणार आहे, आणि हे कुठलाच एजंट तुम्हाला सांगणार नाही. स्टेपनीसकट पाच टायर म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास गेले. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ओढ पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), पुढचा आणि मागचा डिफरन्शियल (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), सगळ्यांचं ऑइल आल्या आल्या बदलायचं, आधीचा मालक 'परवाच बदललंय' म्हणाला तरी. ब्रेक, क्लच, पट्टे, बॅटरी, विमा, नावावर करण्याचा खर्च. पाचही लाख गाडीतच घातले तर पहिल्या पावसात ती त्या व्हॅनच्या शेजारी खाली उभी राहील.

आता माझी फजिती ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक जिप्सी घेतली होती. रंग चकाचक, इंजिन शिवणयंत्रासारखं. विकणाऱ्याने मला शेजारी बसवून फोर व्हीलचा छोटा लिव्हर मागेपुढे करून दाखवला. काय तो लिव्हर, लोण्यात सुरी! मी खूश. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ठोसेघरच्या पुढे एका कच्च्या चढावर लिव्हर टाकला, आणि मागची चाकं गरगर, पुढची ढिम्म. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने टोचन करून बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री गाडीखाली शिरला आणि आतूनच हसायला लागला. ट्रान्सफर केसपासून पुढच्या अ‍ॅक्सलकडे, म्हणजे चाकांच्या आसाकडे, ओढ नेणारा दांडा, प्रोपेलर शाफ्टच गाडीला नव्हता. कुणीतरी आवाज येतो, पेट्रोल जास्त जातं म्हणून काढून ठेवला होता आणि विकताना परत बसवायचं 'विसरला' होता. ओढायला पलीकडे काही नव्हतंच, मग लिव्हर मऊ जाणार नाही तर काय!

म्हणून गाडीजवळ गेलात की बॉनेट उघडायच्या आधी खाली वाका. मागे जाणारा लोखंडी दांडा अशा सगळ्या गाड्यांना दिसेल. तसाच दुसरा, थोडा आखूड, पुढे जाणारा दिसला पाहिजे. तो हाताने धरून पिळून बघा. टोकाच्या सांध्यात, क्रॉसमध्ये, खडखड लागली तर क्रॉस गेला. हा किरकोळ खर्च, पण भाव कमी करायला चांगला मुद्दा. बऱ्याच गाड्यांना पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला रबराचे घडीदार बूट असतात, ते फाटलेले नकोत. फाटलेल्या बुटातून चिखल आत गेलेला असतो. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी हळू फिरवा. कट-कट-कट असा आवाज आला तर चाकाचा जॉइंट खलास.

यानंतरची परीक्षा मिस्त्रीकडून समोर करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. पुढचं एक चाक जॅकवर उचला. इंजिन बंद. छोटा लिव्हर टू व्हीलवर असताना उचललेलं चाक हाताने फिरतं. लिव्हर फोर व्हीलवर टाकला की तेच चाक अडलं पाहिजे, थोडी ढिलाई सोडली तर फिरता कामा नये. दोन्ही वेळा मोकळं फिरलं तर मधे कुठेतरी काहीतरी तुटलेलं आहे किंवा गायब आहे. काही गाड्यांना पुढच्या चाकाच्या मधोमध हाताने फिरवायचं, चाक आसाला जोडणारं हब लॉक असतं. ते आधी लॉक करून मगच ही परीक्षा घ्यायची, नाहीतर चांगल्या गाडीला नावं ठेवाल.

आणि चालवून बघायची ती मुरुमाच्या किंवा मातीच्या जागेवर, कोरड्या डांबरीवर फोर व्हील टाकून नाही. आपल्या जुन्या जीपवर्गातल्या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतो. लिव्हर टाकला की दोन्ही अ‍ॅक्सल एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरून ते भागतं. डांबरीवर घसरायला वाव नाही, म्हणून सगळा ताण शाफ्ट आणि गिअरांमध्ये साठत जातो, स्टिअरिंग घट्ट होतं, एखाद्या दिवशी काहीतरी मोडतं. विकणारा जर डांबरी रस्त्यावर 'बघा, फोर व्हीलमध्ये कशी पळते' म्हणून ऐंशीने गाडी दाखवू लागला, तर त्याने आजवर ती कशी वापरली असेल ते समजून घ्या.

लो रेंजही बघा, म्हणजे छोट्या लिव्हरची हळू पण जास्त ओढीची जागा. थांबून, क्लच दाबून लिव्हर लोमध्ये टाका, पहिला गिअर, आणि एखाद्या चढावर अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता क्लच सोडा. गाडी मुंगीच्या पावलांनी, न थांबता वर जायला हवी. चढता चढता लिव्हर खटकन बाहेर उडाला तर ट्रान्सफर केसचं काम आहे आणि ते महाग पडतं. जमलं तर मिस्त्रीला दोन्ही डिफरन्शियलचा भरायचा प्लग उघडून बोट घालायला सांगा. बोटाला चहासारखं दुधाळ ऑइल लागलं तर आत पाणी शिरलेलं आहे.

पाण्यावरून आठवलं. आपल्या भागात ही गोष्ट विसरून चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीकडच्या किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या भंगारात सगळ्या गेल्या नाहीत. धुऊन, पुसून, नवे सीट कव्हर घालून बऱ्याच पुन्हा बाजारात आल्या. सांगलीची एमएच-१० किंवा कोल्हापूरची एमएच-०९ गाडी म्हणून ती घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. बरीच चांगली माणसं चांगल्या गाड्या विकतात. फक्त सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या भागावर गाळाची रेघ राहते. पायपुसणीखालची सतरंजी उचला, नाकाने वास घ्या. सीटखालच्या पट्ट्यांवर आणि डॅशबोर्डच्या आतल्या स्क्रूंवर गंज दिसला, जिथे पावसाचं पाणी कधी पोचत नाही तिथे, तर उठा आणि चहा न घेता निघा. चहा घेतला की माणूस भिडेखातर गाडी घेतो.

गंजाचं दुसरं गाव म्हणजे कोकण. एमएच-०८ ची, समुद्राकाठी राहिलेली गाडी वरून कितीही देखणी असली तरी चासीच्या (खालच्या सांगाड्याच्या) आतल्या बाजूला आणि पाट्यांच्या, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, कडीपाशी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. खपली निघाली तर नको. ताज्या काळ्या रंगाने माखलेली चासीही मला संशयास्पद वाटते. आपण म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवतो तसं ते असतं.

आता कुठली गाडी.

जिप्सीवर माझा जीव आहे, एवढी फजिती होऊनही. १९८५ ला आली, २०१९ पर्यंत बनत राहिली, वजन जेमतेम टनभर, त्यामुळे चिखलात रुतते कमी. १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन कुणीही मिस्त्री झोपेत उघडेल. पण तुमच्यासाठी नको. पुढे-मागे दोन्हीकडे पाटे आणि तेही कडक. सासूबाईंना साताऱ्याला दवाखान्यात न्यायचं तर पोचेपर्यंत दुखणं दुप्पट होईल. ताडपत्रीचं छत आपल्याकडच्या पावसात कुठून ना कुठून टिपकतंच. मागची माणसं समोरासमोर आडवी बसतात, घाटात पाहुण्यांना ओकाऱ्या होतात. एमएम ५४० वगैरे जुन्या महिंद्रा जीपचंही थोडंफार हेच. शिवाय त्या आता इतक्या हातांतून गेल्यात की कुठला भाग कुठल्या गाडीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

२०१० ते २०२० दरम्यानची जुनी थार, तिचं १०५ अश्वशक्तीचं सीआरडीई डिझेल इंजिन, हे काम करायला उत्तम. पण चांगली थार चार लाखांत सांगणारा एकतर संत असतो किंवा तिला अपघात झालेला असतो. आणि मागची बैठक तीच, आडवी.

मी तुमच्या जागी असतो तर बोलेरो फोर व्हील ड्राइव्ह शोधली असती. साधी बोलेरो नव्हे, त्या तर गल्लोगल्ली आहेत आणि मागच्याच चाकांनी ओढतात. फोर व्हीलवाली कमी निघाली, म्हणून शोधायला दोन-तीन महिने लागतील. पत्र्याचं छत, मागे दार, सिलिंडर आणि भाजीची पोती टाकायला जागा, आणि मेढ्यापासून साताऱ्यापर्यंत प्रत्येक गॅरेजात तिचे पार्ट. दिसायला काही नाही, खरंय. तिच्यापाठोपाठ फोर व्हीलवाली जुनी स्कॉर्पिओ. बसायला बोलेरोपेक्षा मऊ, इंजिनात दम, पण अंगाने जड. तिच्यात बहुधा लिव्हरच्या जागी फिरवायचा खटका असतो आणि बदल मोटर करते. खटका फिरवल्यावर डॅशबोर्डवर दिवा लुकलुकत राहिला, स्थिर झाला नाही, तर ती मोटर किंवा वायरिंग गेलंय. टाटा सफारी फोर बाय फोरलाही हीच परीक्षा लावा. सफारी आरामात सगळ्यांची आजी, पण पोसायला तिजोरी लागते.

एक वेगळं नाव सुचवतो, दिरांना आवडणार नाही. रेनोची डस्टर एडब्ल्यूडी (चारही चाकं ओढणारी), २०१४ नंतरची. तिला लो रेंज नाही, पण पहिला गिअर मुद्दाम आखूड दिलाय, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची आहे, आणि खराब रस्त्यावर ती गादीसारखी चालते. सासूबाई दुवा देतील. अडचण इतकीच की वरच्या गावात तिला हात लावणारा मिस्त्री नाही, आणि तिच्या डिझेल इंजिनला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याचं बिल नसेल तर घेतल्या दिवशी बदला. तो चालता चालता तुटला तर इंजिन उघडावं लागतं. साताऱ्यात ती नीट बघणारा माणूस आधी सापडला तरच तिचा विचार करा.

वडापला, म्हणजे प्रवासी भरून नेण्याला, चाललेली कुठलीही गाडी मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. मीटर काय म्हणतो त्याला अर्थ नसतो. दहा जणांच्या गाडीत सतरा जण बसवून ती घाट चढलेली असते.

दिल्लीच्या स्कॉर्पिओचं. त्या ओळखीच्यांना पहिला प्रश्न विचारा : ती फोर बाय फोर आहे का? बहुतेक स्कॉर्पिओ नसतात, आणि हा प्रश्न कुणी विचारतच नाही. समजा असली. ती स्वस्त का, तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, त्यावर कोर्टकचेऱ्या होत राहिल्या, आणि तिथल्या जुन्या डिझेलचा भाव पडला. गाडी वाईट असतेच असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), बँकेचा बोजा असेल तर तो उतरवणं, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरणं, मग साताऱ्याच्या एमएच-११ चं पासिंग, एवढं होईपर्यंत स्वस्तपणा विरतो. आणि एनओसी अडकली तर तुम्ही साताऱ्यात, गाडीचा मालक दिल्लीत, मधला माणूस फोन उचलत नाही. मला हा व्यवहार तुमच्यासाठी नको वाटतो. एमएच-११ किंवा कराडची एमएच-५० गाडी घ्या, जिचा मालक घरी जाऊन भेटता येतो. त्याच्या अंगणात गाडी कुठे उभी असते हे बघितलं तरी निम्मं कळतं.

गाडीचं वयही बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आहे, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये ती १०,००० केली. चौदा वर्षांची गाडी घेत असाल तर ही तपासणी तुमच्याच दारात येणार, हे भाव करताना बोलून दाखवा. आरसीवरचा (नोंदणीपत्रावरचा) चासी नंबर चासीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून बघा. चलनं बाकी आहेत का, बोजा आहे का, हे मोबाइलवर कळतं. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग, आपोआप तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही.

दिरांच्या जीपबद्दल थोडं जपून लिहितो, घरात भांडण नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. दुसरं इंजिन बसवलेली, उंच केलेली, टायर बाहेर आलेली गाडी रस्त्यावर अडवली तर दंड, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण. हे झालं कायद्याचं. व्यवहाराचं असं की उंच केलेल्या गाडीचा तोल वर जातो, आणि तुमच्या चढावर एका बाजूला दरी आहे असं मी धरून चालतो. मोठ्या टायरने गिअरिंग बदलतं, चढावरची ओढ कमी होते, स्टिअरिंग जड होतं. त्यांना टायर बदलायचेच असतील तर मूळ मापातच, पण ऑल टेरेन नक्षीचे टायर घ्या. ही नक्षी चिखलातही धरते आणि डांबरीवरही फार आवाज करत नाही. नुसत्या चिखलाचे मड टायर दिसायला झकास, पण ओल्या डांबरी घाटात ब्रेक लागताना ते मला तरी भरवशाचे वाटलेले नाहीत.

पाहुण्यांचं एक राहिलं. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पाहुण्यांना भाडं घेऊन आणू-सोडू नका. खोलीच्या पैशांत वेगळं 'गाडीभाडं' लिहून पावतीही देऊ नका. आणि त्यांनी कितीही गळ घातली तरी कासच्या पठारावर गाडी घालायची नाही. तिथे फुलांवरून चाक गेलं तर वनखात्याआधी मीच तुमच्याकडे येईन.

ओढ्याला पाणी चढलं की फोर बाय फोरचाही उपयोग नाही. चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर थांबायचं. एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यानंतर येणारं बिल गाडीच्या निम्म्या किमतीचं असू शकतं.

दुसरा गिअर बायकांना जड जातो का? नाही. जड जातो तो बिघडलेला किंवा चुकीच्या वेळी टाकलेला. लोमध्ये टाकायचं तर थांबून, क्लच पूर्ण दाबून, घाई न करता. म्हणूनच गाडी बघायला गेलात की ड्रायव्हरच्या सीटवर दिरांना नाही, स्वतः बसा. क्लच टाचेपर्यंत दाबताना गुडघा पूर्ण ताणला जात नाही ना, उशी न घेता बॉनेटचं टोक दिसतं का, छोट्या लिव्हरपर्यंत हात पाठ न उचलता पोचतो का, हे बघा. विकत घेतल्यावर जूनची वाट न बघता उन्हाळ्यातच आपल्याच चढावर रोज एकदा लो घालून वर जा आणि लो घालूनच, ब्रेकला पाय न लावता, खाली या. डांबरीला लागलात की लिव्हर परत टू व्हीलवर घ्यायचा. एखाद वेळी तो निघत नाही, अडकून बसतो. त्या वेळी ओढाताण करू नका. गाडी सरळ हातभर मागे घ्या, आतला ताण सुटतो आणि लिव्हर आपोआप हातात येतो.